एका डिसेंबरची शिसारी

नोव्हेंबर सरत आला की आइंडहोवेनच्या चौकात ओलीबोलनचे गाडे लागतात. आंबवलेल्या पिठात बेदाणे घालून त्याचे गोळे उकळत्या तेलात सोडायचे, फुगून तपकिरी झाले की बाहेर काढायचे आणि वर पिठीसाखर भुरभुरवायची. इथल्या लोकांचा हा वर्षअखेरीचा खाऊ. ऑफिसात कुणीतरी तेलकट कागदी पिशवी घेऊन येतं, टेबलाटेबलावर फिरवतं. माझ्यापाशी पिशवी आली की मी हसून मान हलवते. डाएट का, असं विचारतात. हो म्हणते.

डाएट वगैरे काही नाही. तळणीचं तेल, ओल्या लोकरीच्या कोटांचा कुबट वास आणि दुपारी चारलाच विझत जाणारा तो राखाडी उजेड, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की माझ्या घशाशी काहीतरी येतं. बारा वर्षं झाली, दर डिसेंबरला येतं. आधी वाटायचं की मला या देशाच्या हिवाळ्याचा तिटकारा आहे. तसं म्हणणं सोयीचंही होतं. इथे आलेल्या प्रत्येक भारतीयाला हिवाळ्याबद्दल तक्रार करायचा हक्कच असतो. पण हिवाळ्यानं माझं काही वाईट केलेलं नाही.

तेव्हा मी एनस्खेडेला शिकत होते. नाशिकहून आलेली, चोवीस वर्षांची, दोन बॅगा आणि आईनं कोंबून दिलेला मसाल्यांचा डबा. जर्मनीच्या सीमेला टेकलेलं ते गाव, त्यातली ती मोठी टेक्निकल युनिव्हर्सिटी, आणि तिच्या कडेला आमची विद्यार्थ्यांची घरं. माझी खोली शुभदाबरोबर होती. शुभदा लातूरची, उंच, हाडकुळी, बोलायला कमी. ती खोटं बोलत नसे. हा तिचा गुण म्हणून सांगत नाही, कधीकधी फार त्रास व्हायचा त्याचा. भाजी कशी झालीय विचारलं तर 'मीठ नाही' असं सरळ सांगायची आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायची.

आणि केदार होता. आमच्या वर्षभर आधी आलेला, पुण्याचा, सगळ्यांचा आधार. मी स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्यासाठी जास्तीचा कोट घेऊन तो उभा होता. नगरपालिकेत नोंदणीला तो बरोबर आला, जुनी सायकल त्यानं शोधून दिली, ती पंक्चर झाली की स्वतः बसून चिकटवूनही दिली. दिवाळीला त्याच्याच खोलीत आम्ही सोळा जणांनी भाजणीची चकली केली होती. हे सगळं खरं आहे आणि ते खरं असल्यामुळेच पुढचं सांगताना जीभ जड होते. तो सरळसरळ वाईट माणूस असता तर मी केव्हाच मोकळी झाले असते.

पहिल्या सत्राच्या परीक्षेआधी डोकं मोकळं करायला म्हणून डिसेंबरात ॲमस्टरडॅमची सहल ठरली. आम्ही नऊ जण होतो, सहा मुलगे आणि तीन मुली. सकाळची गाडी, आणि दिवस बुडाल्यावर परत. ठेपले, चिवडा, लसणाची चटणी. गाडीच्या डब्याच्या काचेवर डचमध्ये 'शांतता' असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. पहिल्याच स्टेशनानंतर आमच्या अंताक्षरीला जोर चढला तेव्हा समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पेपर खाली केला आणि बोटानं त्या अक्षरांकडे दाखवलं. केदारनं हात जोडून 'सॉरी सर' म्हटलं, आणि लगेच, तोच हसरा चेहरा ठेवून, मराठीत त्यांच्या टकलावर काहीतरी बोलला. आम्ही फसकन हसलो. म्हातारबाबाही हसले बिचारे, त्यांना वाटलं आपण माफ केल्याचा आनंद झालाय पोरांना.

त्या दिवशी आम्ही मराठीचा असाच वापर केला. आडोसा म्हणून. त्या शहरात कालव्यांच्या काठाने लोखंडी पत्र्याच्या गोल मुताऱ्या आहेत, आत उभ्या माणसाचे पाय आणि डोकं बाहेरून दिसतात, मधलं तेवढं झाकलेलं असतं. त्याला वाटत असतं की आपण दिसत नाही.

शहर पाहिलं का, तर पाहिलं म्हणायचं. थंडी अशी होती की पाऊस पडता पडता मधेच बर्फ व्हायचा आणि जमिनीला टेकेपर्यंत पुन्हा चिखल. म्युझियमच्या रांगा बघून आम्ही म्युझियमं बाहेरूनच उरकली. काचेच्या छताच्या बोटीत बसलो तर आतून सगळ्या काचांवर वाफ धरलेली. कुणीतरी बाहीनं पुसायचं, तेवढ्या गोलातून एखादं वाकडं घर दिसायचं, पुन्हा वाफ. रस्त्यात गांजाचा जळका गोडसर वास, पुलांच्या कोपऱ्यांत मुताचा, आणि सगळीकडे ते तळणीचं तेल. कचऱ्याचा डबा भरून वाहत होता, त्यावर एक समुद्रपक्षी मेयोनीज लागलेला कागद फाडत उभा होता. मी शुभदाला म्हटलं, "शी! एवढं नाव ऐकलं होतं, किती घाणेरडं शहर आहे हे."

ती म्हणाली, "आपण फक्त स्टेशनजवळ फिरतोय."

साडेतीनच्या सुमारास कुणीतरी त्या गल्लीचा विषय काढला. नाव कुणी घेतलं नाही. 'तिकडे जायचं का', एवढंच. मग खाकरणं, कोपरानं ढोसणं. आम्हा मुलींपैकी एकीनं 'आम्ही कॉफी पिऊन थांबतो' म्हटलं, तर केदार म्हणाला, "अगं, नुसतं चालत जायचंय. इथली टुरिस्ट जागाच आहे ती. आजीआजोबा फिरत असतात." मला आवडलं ते म्हणणं. मला जायचंच होतं, कुणीतरी आजीआजोबांचा दाखला देईपर्यंत थांबले होते फक्त. हे लिहितानाही नको वाटतंय, पण खरं आहे.

आजीआजोबा खरंच फिरत होते. चिंचोळी गल्ली, दोन्ही बाजूंना उंच अरुंद दारं, दाराला पूर्ण काच, वर लाल दिव्याची नळी. चार वाजले होते, पण अंधारून आलं होतं. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर दिसेल. जे दिसलं ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं. एक बाई उंच स्टुलावर बसून कागदी डब्यातून नूडल्स खात होती. चाळिशीची असेल. अंगावर जेमतेम कपडे, आणि डोळ्यांवर वाचायचा चष्मा. पायाशी विजेचा छोटा हीटर, त्याच्यासमोर तिनं दोन्ही तळपाय धरले होते. भिंतीला फोन चार्ज होत होता, त्याची वायर आखूड, म्हणून ती त्या बाजूला थोडी वाकून, खात खात काहीतरी वाचत होती. माझी मावशी बँकेत जेवणाच्या सुट्टीत अशीच बसायची.

"अरे, जेवतीये!" केदार ओरडला. "धंद्याच्या टायमाला लंच ब्रेक!"

सगळे हसले. मग सुरुवातच झाली. कुणी तिच्या पोटाबद्दल बोललं, कुणी वयाबद्दल, कुणी म्हणालं ही तर आपल्या लॅबवाल्या मॅडमची बहीण शोभेल. शुद्ध मराठीत, मोठ्या आवाजात, काचेपासून दोन हातांवर उभं राहून. दिवाळीत ज्यांनी माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर वाकून नमस्कार केला होता, ते हेच चेहरे. मीही हसले. अगदी खोटं नाही, आतून हसू आलं. एकदा हसू फुटलं की आपण त्यांच्यातले होतो, आणि त्या थंडीत, घरापासून इतक्या लांब, मला कुणातलं तरी व्हायचं होतं.

केदारनं फोन काढला. जॅकेटच्या आतून, नुसती कॅमेऱ्याची कड बाहेर ठेवून. जागोजागी पाट्या होत्या, फोटो काढू नका. तिला आधी कळलं नाही. मग तिनं मान वर केली.

काचेवर बोटातल्या अंगठीनं टकटक केली तिनं, जोरात. डबा ठेवला, खुंटीवरचा टॉवेली गाऊन ओढला आणि दार उघडून बाहेर आली. पायात सपाता. त्या चिखलबर्फात त्या लगेच भिजल्या. तेवढ्यात माझ्या कोटाच्या खिशात काहीतरी जड पडलं. केदारनं फोन माझ्या खिशात टाकला होता आणि रिकामे हात वर केले होते.

"फोन," ती इंग्रजीत म्हणाली. तिचं इंग्रजी तुटकं होतं, आमच्यासारखंच परक्या मुलखातून आलेलं. "तू शूट केलंस. दाखव."

"नो फोन," केदार हसत म्हणाला.

तिनं आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं आणि माझ्यापाशी थांबली. अजून दोन मुली होत्या, पण तिनं मलाच विचारलं. का, ते मला आजही कळलेलं नाही. कदाचित मी सगळ्यांत घाबरलेली दिसत असेन. ती माझ्या इतकी जवळ आली की तिच्या तोंडाला येणारा सोया सॉसचा वास मला आला.

"तू सांग. तू बाई आहेस. त्यानं व्हिडिओ काढला?"

माझा हात खिशात होता. फोन गरम होता. रेकॉर्डिंग चालू असेल तर आवाज येईल, अशी भीती वाटून मी तो मुठीत गच्च आवळून धरला.

"नाही," मी म्हटलं. "कुणी काही काढलं नाही."

ती थंडीनं थरथरत होती. तिचा चष्मा तसाच राहिला होता डोळ्यांवर, त्याच्यावर थेंब. तिनं माझं उत्तर ऐकून घेतलं आणि तरीही तशीच बघत राहिली, जणू मी अजून एकदा उत्तर देऊ शकते, तिची हरकत नाही.

मागून शुभदा म्हणाली, मराठीत, "अनघा, दे तो फोन तिला."

तेवढ्यात शेजारच्या दारातून एक धिप्पाड माणूस ओरडत बाहेर आला. केदार म्हणाला, "पळा!" आणि आम्ही पळालो. मीही पळाले. पूल ओलांडला, सायकलवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, एका चर्चच्या भिंतीशी थांबलो. सगळे कंबरेवर हात ठेवून धापा टाकत खिदळत होते. मी खिशातून फोन काढून केदारच्या हातावर ठेवला. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "वाघीण आहेस तू! मानलं!" बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मला अभिमान वाटला. फार नाही, दोनचार श्वास वाटला असेल. पण त्या दिवसातलं सगळ्यात किळसवाणं काय, असं कुणी विचारलं तर मुताऱ्या नाही, केदार नाही, तो माझ्या छातीत उठलेला अभिमान. अंगावरून पाल गेली तर झटकता येते. हे झटकायला कुठे हात न्यायचा तेच कळत नाही.

शुभदा आमच्यात नव्हती. ती मागेच राहिली होती. स्टेशनवर आम्ही अर्धा तास थांबलो तेव्हा ती एकटी चालत आली, केस ओले, नाक लाल.

"मी सॉरी म्हटलं तिला," ती आल्याआल्या म्हणाली. "ती म्हणाली, सॉरी तुझ्यासाठी आहे, मला व्हिडिओ पुसून हवाय. केदार, पूस तो."

"अगं, काही दिसत नाहीये त्यात. अंधार आहे."

"मग पुसायला काय होतंय?"

"ट्रिपचा मूड घालवू नको ना यार," दुसरं कुणीतरी म्हणालं. "ती बसलीच आहे काचेत. जगानं बघावं म्हणूनच ना?"

"बघणं वेगळं," शुभदा म्हणाली. पुढचं तिला मांडता येईना. लातूरची मुलगी ती, असल्या विषयावर सहा मुलग्यांसमोर बोलायची तिला कुठे सवय होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. एवढंच हवं होतं तिला, की मी म्हणावं, पूस रे. केदारनं तेवढ्यात फलाटावरच्या गाड्यावरून ओलीबोलन आणले होते. पहिला त्यानं माझ्यापुढे केला. "वाघिणीला आधी!" मी घेतला. गरम होता. दातांखाली साखर करकरली, बेदाण्याची आंबट चव आली, तेल बोटांवरून मनगटापर्यंत ओघळलं. शुभदा माझ्याकडे बघत होती आणि मी सबंध गोळा खाल्ला.

गाडीत तो व्हिडिओ हातोहात फिरला. अंधार नव्हता त्यात. चष्म्यासकट तिचा चेहरा स्वच्छ दिसत होता, आणि मागे माझं हसणंही ऐकू येत होतं.

त्यानंतर शुभदा आमच्या ग्रुपमधून गळली. कुणी काढलं नाही तिला, पण स्वयंपाकाचे बेत तिला कळवायचं राहून जायला लागलं, तिच्यामागे 'आल्या समाजसुधारक' असं म्हटलं जायला लागलं. खोलीत ती माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. 'शेगडी बंद केलीस का', 'उद्या कचऱ्याचा दिवस आहे', एवढंच बोलायची. एकदा मी म्हटलं, "अगं, मी घाबरले होते." ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, "पळायच्या आधी का पळून झाल्यावर?" फेब्रुवारीत तिनं दुसरी खोली पाहिली. ती बॉक्स उचलून नेत होती तेव्हा मी लायब्ररीत जाऊन बसले, काही वाचायचं नसताना.

पुढे नोकऱ्या लागल्या. मी इथे चिपच्या कारखान्यांना यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीत, शुभदा टिलबर्गच्या गोदामांचं काहीतरी नियोजन करते असं कानावर होतं. केदार हार्लेमला. मोठा माणूस झाला तो. नव्या विद्यार्थ्यांसाठी मेळावे घेतो, कुणाला घर, कुणाला कामाची ओळख. खूप जणांचं भलं केलंय त्यानं. कार्यक्रमात भेटलो की मीही 'काय केदार' म्हणून बोलायचे, आणि घरी येऊन दोनदा हात धुवायचे.

गेल्या संक्रांतीला त्यानंच एक कार्यक्रम ठेवला होता. दुपारची वेळ, भाड्याचा हॉल, नुकती आलेली पंचवीसतीस मुलंमुली, तिळगूळ, हळदीकुंकू. केदार माइकवर 'इथला पहिला हिवाळा' या विषयावर गमतीजमती सांगत होता. थर्मल घाला, व्हिटॅमिन डी घ्या. आणि मग म्हणाला, "आणि ॲमस्टरडॅमला जरा जपून हं! एकदा एक बाई काचेतून बाहेर येऊन आमच्या मागे लागली होती. सपाता घालून! जीव घेऊन पळालो. खोटं वाटतंय? ही अनघाताई आहे ना साक्षीला. काय गं?"

सगळे माझ्याकडे वळले. आधीच हसायला तयार असलेले तरुण चेहरे. एका मुलीच्या हातात तिळगुळाची वडी तशीच अर्धवट राहिली होती, ऐकायच्या नादात. मी हसायला तोंड उघडलं, सवयीनं, आणि घशाशी ते आलं.

"ती मागे लागली नव्हती," मी म्हटलं. आवाज विचित्र निघाला. "ती फोन मागत होती. केदारनं चोरून तिचा व्हिडिओ काढला आणि फोन माझ्या खिशात टाकला. तिनं मला विचारलं आणि मी खोटं बोलले."

केदार हसत म्हणाला, "अगं, कॉलेजातली मस्करी ती. किती वर्षं झाली." कुणीतरी जेवण तयार असल्याचं मोठ्यानं सांगितलं आणि खुर्च्या सरकल्या. माझ्या आजूबाजूच्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या. मी ताट घेतलं नाही. कोट घालत होते तर केदारची बायको आली, हातात कुंकवाचा करंडा.

"ही गोष्ट मी पाचसहा वेळा ऐकलीय," ती हळू म्हणाली. "खिशाचं त्यानं कधी सांगितलं नाही." आणि मला कुंकू न लावताच ती वळून आत गेली.

मला वाटलं होतं की हलकं वाटेल. नाही वाटलं. घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, कुणाकुणाला विचारून मिळवलेल्या नंबरवर शुभदाला फोन लावला. आवाज तसाच होता तिचा. मी सगळं सांगितलं. मध्ये ती एकदाही 'हं' म्हणाली नाही. मला वाटलं, फोन कटलाय.

"शुभदा?"

"ऐकतेय." मग म्हणाली, "मी परत गेले होते तिथे. पुढच्या रविवारी."

"कुठे?"

"त्या गल्लीत. तिला सांगायला, की व्हिडिओ नाही पुसता आला. कुणीतरी सांगायला तर हवं होतं. ती तिथेच होती. मला आत घेतलं तिनं, हीटरपाशी बसवलं. रागावली नाही. माझे बूट काढून वाळत ठेवले."

"काय म्हणाली?"

"तुझ्याबद्दल विचारलं. ती दुसरी मुलगी नाही का आली, म्हणाली. तिला वाटत होतं तू येशील."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग मी सांगितलं," शुभदा म्हणाली, "की तुला यायचं होतं, पण बरं नाहीये तुला, झोपून आहेस. खोटं सांगितलं."